मोरीच्या आवर्तनास अनावृत पत्र

प्रति,
मा. सांडपाणी,
मु. मोरीचं भोक, देवळाली प्रवरा, ता. राहुरी, जि. अहिल्यानगर

विषय : आपल्या विनाअर्ज हजेरीबाबत तक्रार

महोदय,

आपलं वागणं पाटपाण्याच्या रीतीला सोडून आहे. १९२६ साली भंडारदरा धरण पुरं झालं, तेव्हापासून आम्ही प्रवरेकाठची माणसं पाण्याची वाट बघण्यात तरबेज. सात नंबरचा अर्ज भरायचा, आवर्तनाची तारीख विचारत फिरायचं, टेलला पाणी पोचलं नाही की रस्त्यावर बसायचं. खालच्या जायकवाडी धरणाला पाणी सुटलं की आमचं रक्त उसळतं. आणि आपण? अर्ज नाही, पाळी नाही, पाटकऱ्याची मनधरणी नाही. सकाळच्या आंघोळी उरकल्या की हजर! अशा न बोलावलेल्या पाहुण्याला कोण विचारतो? आम्ही आपल्याला रोज गटारात सोडतो आणि त्याविरुद्ध आजवर कुणी घोषणा दिल्याचं ऐकिवात नाही.

भुयारी गटार असलेल्या शहराला माणशी रोज १३५ लिटर पाणी हा सरकारी मापदंड. त्यातलं सुमारे ८० टक्के, शौचालयाचं धरून, सांडपाणी होऊन बाहेर पडतं. आणि पिशवीतल्या रोपाला तर तांब्याभर पाणी पुरतं. पुढचा गुणाकार आम्ही मुद्दाम टाळतो.

काही आगाऊ मंडळी सांगतात : आपल्याला रोपांना पाजायचं तर शौचालयाचं पाणी वेगळं ठेवा. मोरीचं आधी जाळीतून गाळा, टाकीत निवळू द्या, मग खडी-वाळूत लावलेल्या कर्दळीच्या मुळांतून जाऊ द्या. तिथले जिवाणू घाण खातात. निघेल ते पिण्याजोगं नसतं, कच्च्या खायच्या कोथिंबिरीलाही नको. पण कडुनिंब, करंज, चिंचेच्या रोपांना चालतं. मात्र कपड्यांची पावडर बेतानं वापरा, अधूनमधून साधं पाणी द्या, नाहीतर सोडियमने माती चोपण होते. आम्हाला चोपणाची भीती घालता? उसाला भरमसाट पाणी पाजून पाटाच्या पट्ट्यात चोपण जमिनी आम्ही कधीच करून दाखवल्यात!

सबब विनंती, की आपण ऐन उन्हाळ्यात महिनाभर गायब व्हावं. मग बघा. आपल्यासाठी समिती नेमू, आवर्तन ठरवू, वरच्या आळीने पाणी अडवलं म्हणून खालची आळी भांडायला उठेल. कर्दळही तेव्हाच लावू.

कळावे, लोभ आहेच. फक्त आपल्यावर नाही.

आपला,
एक मोरीधारक

ता. क. : मोरीच्या तोंडाशी कुणी न लावता कडुनिंबाचं रोप गुडघाभर वाढलं आहे. आपण परस्पर कुणाला पाणी देता, याचा खुलासा करावा.