गुडघ्याचं नाव काढू नका

नोव्हेंबर उजाडला की न्यू जर्सीतली मराठी घरं फराळाचे डबे बाजूला सारून एक्सेल उघडून बसतात. कंपनीचा आरोग्यविम्याचा ईमेल आलेला असतो : पुढच्या वर्षी किती आजारी पडणार, ते पंधरा दिवसांत कळवा. बरेच पडणार असाल तर नेहमीचा पीपीओ. दरमहा पगारातून घसघशीत हप्ता. धडधाकट राहणार असाल तर हाय डिडक्टिबल. हप्ता कमी, पण पहिले काही हजार डॉलर स्वतःच्या खिशातून. 2026 साठी कुटुंबामागे ही रक्कम निदान 3,400 डॉलर हवी. त्याहून कमी असली, तर सरकारच्या लेखी तुम्ही पुरेसे भरतच नाही, आणि एचएसए, म्हणजे आरोग्य-बचतीचं खातं मिळत नाही.

एडिसनचा आमचा दादा या खात्यावर फिदा आहे. कुटुंबामागे 2026 साठी 8,750 डॉलरपर्यंत, फेडरल करातून मुक्त! मुलीच्या लग्नासाठी साठवणारे पाहिले होते. आजारपणासाठी साठवून त्याचे शेअर घेणारा हा आमच्या घराण्यातला पहिलाच.

हाय डिडक्टिबल योजनेमागचा विचार असा, की पैसे खिशातून जायला लागले की पेशंट चार ठिकाणी भाव करील. म्हणजे ही योजना खरं तर आमच्या आईसाठीच काढलेली. कोथिंबिरीच्या जुडीसाठी अख्खी मंडई पालथी घालणारी बाई. उन्हाळ्यात ती तिकडे असताना वहिनीला गुडघ्याचा एमआरआय सांगितला.

"आधी भाव विचार, मग झोप त्या मशीनमध्ये," आई म्हणाली.

वहिनीनं इस्पितळात फोन लावला. ते म्हणाले, तुमचा इन्शुरन्स काय ठरवतोय त्यावर आहे. इन्शुरन्सवाले म्हणाले, इस्पितळ कुठला कोड टाकतंय त्यावर आहे. तसं 1 जानेवारी 2021 पासून इस्पितळांनी दर जाहीर करायचे, असा नियम आहे. दर जाहीर आहेतही; संगणकाला वाचता येतील अशा फायलीत.

"म्हणजे भाजी आधी खायची आणि भाव मग कळणार?" आईनं विचारलं. त्यावर दादा एक्सेलकडे बघत राहिला. एमआरआय राहिला तो राहिलाच.

वार्षिक तपासणी मात्र फुकट असते. अट एवढीच, की तिथं दुखणं काढायचं नाही. काढलंत, की तपासणीची व्हिजिट होते आणि वेगळं बिल येतं. वहिनीच्या तपासणीला जाताना गाडीतच दादानं बजावलं, "गुडघ्याचं नाव काढू नकोस."

वहिनी लंगडत आत गेली. डॉक्टरनं विचारलं, "काही त्रास?"

"छे! अगदी ठणठणीत."