पहिला भाग बरा होता

दुसरा भाग बघायचा तो पहिला किती चांगला होता हे स्वतःला पटवून द्यायला, अशी काही माणसं असतात. आमच्या मजल्यावरचे आबा त्यांतले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. नाशिक पूर्वीचं, चिवडा पूर्वीचा आणि थंडी तर पूर्वीचीच. सोसायटीने लिफ्ट बदलली तेव्हा नव्या लिफ्टमध्ये उभं राहून ते जुनीचे गोडवे गात होते. जुनी चालू होती तेव्हा तिला नावं ठेवत जिन्याने जात.

सिनेमांच्या बाबतीत हा बाणा विशेष कडक. 'झपाटलेला' (1993) म्हटलं की आबांचा चेहरा खुलतो. महेश कोठारेंनी वीस वर्षांनी 'झपाटलेला 2' काढला, तोही थ्रीडीत. आबांनी चष्म्यावर चष्मा चढवून तो पाहिला आणि बाहेर येऊन विचारलं, "तात्या विंचू अंगावर येतो, ते ठीक. पण लक्ष्या कुठाय?" लक्ष्मीकांत बेर्डे 2004 सालीच गेले, हे त्यांना ठाऊक नव्हतं थोडंच? पण निधन ही सबब आबांकडे चालत नाही.

अशा माणसाच्या वाट्याला 'हॉटेल ट्रान्सिल्व्हेनिया' आला तो नातवंडांमुळे. थोरल्या नातवाबरोबर त्यांनी पहिला भाग (2012) पाहिला तोच मुळी कपाळाला आठ्या घालून. ड्रॅक्युला म्हणजे 1958 सालचा क्रिस्तोफर ली. भीती म्हणजे नारायण धारप, रात्री, दिवे गेलेले असताना. आणि इथे ड्रॅक्युला हॉटेल चालवतो, लाडक्या लेकीला माणसांपासून लपवून ठेवतो, तिचा एकशे अठरावा वाढदिवस करतो! पण ते हॉटेल बघून आबा विरघळले. सामान उचलायला झोंबी, झाडलोटीला चेटकिणी, आणि खोलीच्या दाराला टांगलेली सुकलेली मुंडकी पाहुण्यांशी चक्क बोलतात. उभी नोकरी सरकारी विश्रामगृहांत उतरण्यात गेलेल्या माणसाला या शेवटच्या गोष्टीचं फार अप्रूप वाटलं. "आमचे खानसामे चांगले धडधाकट, तरी बोलत नसत," ते म्हणाले.

मग एका रविवारी जेवणं उरकल्यावर पाच वर्षांच्या चिमीने आबांना 2015 सालचा दुसरा भाग बघायला बसवलं. लेकीचं लग्न माणसाशी, जॉनीशी झालंय. त्यांचा मुलगा डेनिस पाच वर्षांचा होत आलाय आणि अजून त्याला सुळे आलेले नाहीत. आजोबा ड्रॅक्युलाला घोर लागलाय की पोरगं बापाच्या वळणावर जाणार. बस्स, एवढीच गोष्ट. ज्या हॉटेलावर आबा भाळले होते ते सोडून मंडळी गावभर हिंडतात.

"पहिल्या भागात हॉटेल होतं," आबा दहाव्या मिनिटाला म्हणाले. विसाव्या मिनिटाला पुन्हा म्हणाले.

"आबा, हाच पहिला आहे," चिमीने निकाल दिला. तिने त्याआधीचा पाहिलेलाच नव्हता.

खरं सांगायचं तर, आबांची तक्रार खोटी नाही. सिनेमा ढिला आहे. शेवटी काय करावं ते न सुचल्यासारखी मारामारी घातली आहे. पणजोबा व्लादच्या आवाजासाठी मेल ब्रुक्सला आणलंय. 'यंग फ्रँकेन्स्टाइन' (1974) काढून राक्षसांची टर कशी उडवावी हे जगाला दाखवणारा हा माणूस, आणि त्याला सिनेमा संपत आल्यावर बोलावून दोन-चार वाक्यांवर बोळवलंय. लग्नात मुख्य आचाऱ्याला पाणी वाढायला उभं करावं, तसं.

पण गंमत पडद्यावर कमी आणि सोफ्यावर जास्त होती. नातवात 'आपलं' रक्त जागं व्हावं म्हणून ड्रॅक्युला त्याला जुन्या ठिकाणांची सहल घडवतो. पाहतो तर काय, लांडगामानव हरणाची शिकार करायला नको म्हणतो, फ्रँकेन्स्टाइनला बघून लोक घाबरायच्या ऐवजी त्याच्याबरोबर फोटो काढतात, आणि लहानपणीच्या शिबिरात आता सगळं कसं सुरक्षित आणि गोडगोड झालंय. ड्रॅक्युला पदोपदी चुकचुकतो की आमच्या वेळी असं नव्हतं.

"बरोबर बोलतोय," आबा म्हणाले. तेवढ्यापुरता त्यांना सिनेमा आवडला.

मग ड्रॅक्युला नातवाला उंच मनोऱ्यावर नेतो आणि उडायला शिकवायचं म्हणून सरळ खाली टाकतो. पोरगं पडतंय, पडतंय, पंखांचा पत्ता नाही, आणि म्हातारा वरून "आत्ता उडेल" म्हणून वाट बघतोय. आबा सोफ्यावरून अर्धे उठले. "अरे मूर्खा, पकड त्याला! हे काय आजोबा झाले?"

पलीकडे कपड्यांच्या घड्या घालत बसलेल्या सूनबाईंचे हात थांबले. त्याच आठवड्यात चिमीला पोहण्याच्या क्लासला घातलं होतं, दंडांना फुगे बांधून. त्यावर आबांनी घरात तीन वेळा ऐकवलं होतं की पोहणं फुग्यांनी येत नसतं, त्यांना त्यांच्या आजोबांनी गोदावरीच्या डोहात ढकललं होतं. सूनबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी रिमोट उचलून टीव्हीचा आवाज दोन घरं वाढवला.

आबांच्या हे गावीही नव्हतं. सिनेमा संपल्यावर त्यांनी खाली कट्ट्यावर जाऊन समवयस्कांना पहिल्या भागातली मुंडकी सविस्तर ऐकवली. दुसऱ्यातला आजोबा कसा बेजबाबदार आहे, हेही. चिमी तोवर सोफ्याच्या हातावर चढून "आबा, मला टाका" म्हणून ओरडत होती.

पुढे तिसरा भाग (2018) आला. त्यात मंडळी बोटीवरून सहलीला निघतात, तेव्हा "दुसऱ्यात निदान घर तरी होतं," असं आबा म्हणाले. चौथा 2022 साली थेट ओटीटीवर आला. त्यात ड्रॅक्युलाला आवाज ॲडम सँडलरचा नाही, ब्रायन हलचा आहे. आणि ड्रॅक्युला चक्क माणूस होतो. हे घरच्यांनी आबांना अजून कळू दिलेलं नाही. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे.