ओल्या गमछ्याचं शास्त्र

प्रस्तुत लेखकाला गाड्यांमधलं सगळं कळतं, कारण तो एआरएआयच्या टेकडीखाली वाढला. १९६६ साली स्थापन झालेल्या या संस्थेत देशभरच्या गाड्यांच्या चाचण्या होतात, आणि वेताळ टेकडीच्या त्या भागाला पुणेकर तिच्याच नावाने ओळखतात. लेखकाचा संस्थेशी संबंध टेकडीवरच्या फिरण्यापुरता. पण वर्षानुवर्षं कुंपणाबाहेरचा वारा खाल्ला की इंजिनाचं ज्ञान आपोआप अंगात मुरतं, अशी त्याची प्रामाणिक समजूत आहे. बदली होऊन तो लखनौला आला तेव्हा गाडी ट्रकवर चढवली होती. समजूत मात्र त्याने स्वतःजवळच ठेवली, वाटेत ओरखडा नको म्हणून.

लखनौच्या ‘पहले आप’विषयी या लेखात काही नाही. ज्यांना ते हवं असेल त्यांनी संध्याकाळी पॉलिटेक्निक चौराह्यावर उभं राहून शोधावं. या शहराची खरी अदब दिसते ती बंद पडलेल्या गाडीपाशी. पुण्यात तुमची गाडी बंद पडली तर मागचा माणूस हॉर्न वाजवतो, आणि पुढे जाताना ‘ढकलत न्या’ एवढं मार्गदर्शन करतो. लखनौत तो स्वतःची गाडी बाजूला लावतो, उतरतो आणि विचारतो, “क्या हुआ भाईसाहब, तबीयत नासाज़ है?” ही चौकशी गाडीची असते. झवाई टोल्यातले हकीम नाडीवर बोटं ठेवून रोग सांगायचे, त्याच परंपरेचं तकमील-उत-तिब कॉलेज १९०२ पासून या शहरात आहे. बॉनेटवर पंजा टेकवून डोळे मिटणारा प्रत्येक लखनवी गृहस्थ तिथूनच शिकून आल्यासारखा वाटतो. क्षणभर शांतता. मग निदान: “गरम है.” मे महिना, दुपारचे दोन, पारा चव्वेचाळीसवर.

लेखकाच्या खालच्या मजल्यावर राहणारे चाचाजी स्कूटर्स इंडियातून निवृत्त झालेले. सरोजिनीनगरचा हा सरकारी कारखाना १९७२ सालचा. इटलीच्या इनोचेंटी कंपनीची लॅम्ब्रेटाची सगळी यंत्रसामग्री विकत घेऊन तो उभा केला होता. विजय सुपर त्याचीच, विक्रम तीनचाकीही त्याचीच. आणि त्याच १९७२ साली आकुर्डीत चेतक जन्मली, जिचं घराणं व्हेस्पाचं. म्हणजे इटलीतली जुनी भाऊबंदकी पुणे आणि लखनौ यांनी वाटून घेतली होती, आणि जिन्यात चाचाजी भेटले की लेखक ती नव्या उत्साहाने पुढे चालवतो. व्हेस्पाचं इंजिन उजव्या अंगाला, लॅम्ब्रेटाचं मधोमध. “आपकी वाली को किक मारने से पहले लिटाना पड़ता था,” चाचाजी म्हणतात, “हमारी सीधी खड़ी रहती थी.” यावर लेखक चेतकचा खप, टिकाऊपणा आणि हुंड्यातलं तिचं स्थान असे मुद्दे काढतो. चाचाजी ऐकून घेतात. २०२१ मध्ये सरकारने कारखाना कायमचा बंद करायचं ठरवलं, त्याबद्दल ते एक अक्षर बोलत नाहीत. पण कुणाच्या गाडीत खरखर ऐकू आली की घरातून लांब स्क्रूड्रायव्हर आणतात, टोक चालू इंजिनाला लावतात, मूठ कानाच्या मागच्या हाडाला टेकवतात, आणि कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगतात. त्या वेळी त्यांच्याशी वाद घालायची लेखकाची छाती होत नाही.

बाकीच्यांशी होते. आणि वादाला निमित्त गाडीची नंबरप्लेटच पुरवते. एमएच १२ पाहून लखनौतला प्रत्येक माणूस आनंदाने म्हणतो, “अच्छा, बम्बई से!” पुण्याच्या माणसाला यापेक्षा शिवी परवडते. मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमाप्रमाणे दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवली की तिथला नंबर घ्यावा लागतो, म्हणजे आधी पुण्याहून ना हरकत, मग इथला रोड टॅक्स, मग तिथला टॅक्स परत मागणं. या एका कलमावर लेखकाला जेवढे सल्ले मिळाले तेवढे त्याच्या लग्नावरही मिळाले नव्हते. एकाने तर प्लेटवर चिखल फासून ठेवायला सुचवलं. लखनौत पावसाळा सोडला तर चिखल मिळत नाही, हा त्यातला कच्चा दुवा.

आता ओला गमछा. लेखकाचं या सल्ल्यावर विशेष प्रेम आहे, तेव्हा वाचकांनी थोडी सबुरी ठेवावी.

गाडी उन्हात बंद पडली आणि भोवती चार माणसं जमली, की त्यातला सर्वांत वडीलधारा माणूस एकदा तरी म्हणतोच, “पंप पर गीला गमछा रख दीजिए.” आजचे चालक हसतात, पण एके काळी हा सल्ला शंभर टक्के खरा होता. फियाटचा, म्हणजे पुढच्या पद्मिनीचा, पेट्रोल पंप इंजिनाच्याच अंगाला बोल्टने बसवलेला असे, आणि आतला कॅमशाफ्ट फिरताना त्याची दांडी खालीवर ढकले. पंपाच्या पोटात एक पडदा. तो खाली ओढला गेला की टाकीतून पेट्रोल ओढलं जाई. उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये इंजिन तापलं की पंप तापे, आणि पेट्रोलचा हलका भाग चाळीस अंशांच्या आसपासच उकळू लागतो. मग पंपात पेट्रोलऐवजी वाफ. पडदा बिचारा वाफ दाबत बसे, कार्ब्युरेटर कोरडा पडे आणि गाडी चौकात मध्यभागी मौन धरी. याला मेकॅनिक लोक व्हेपर लॉक म्हणत. पंपावर ओला फडका ठेवला की पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाई, वाफेचं पुन्हा पेट्रोल होई, आणि दहा मिनिटांत गाडी चालू.

यातही गंमत अशी, की हे शास्त्र दादरपेक्षा लखनौला जास्त लागू पडतं. मुंबईच्या दमट हवेत फडक्यातलं पाणी उडायलाच तयार नसतं. तो नुसता ठिबकत राहतो. लखनौची लू मात्र हाडापर्यंत कोरडी. खसच्या ताट्यांनी खोल्या थंड होतात त्याच नियमाने पंपही होई. म्हणजे गाडी वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली, आणि तिच्यावरचा उतारा गाजायचा अवधमध्ये. मुंबईतल्या शेवटच्या नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीने वीस वर्षांची मुदत भरल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोप घेतला. पद्मिनी गेली, चोकची घुंडी गेली, स्टिअरिंगवरचा गिअर गेला. गमछा आहे तिथेच आहे. आता फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत पंप टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. त्याच्यावर गमछा घालायचा तर मागची सीट उचलून टाकीत उतरावं लागेल. हे लेखक दर वेळी समजावून सांगतो. समोरचा मान डोलावतो, “बजा फ़रमाया” म्हणतो, आणि मग हळूच विचारतो, “फिर भी, कोई कपड़ा है?” एकदा सगळ्यांची नजर लेखकाच्या अंगातल्या नव्या कोऱ्या चिकनच्या कुर्त्याकडे वळली होती. २००८ साली भौगोलिक निर्देशांक मिळालेली ती कारागिरी बॅटरीच्या शेजारी अंथरली जाण्यापासून थोडक्यात वाचली.

बॅटरीचा उल्लेख निघालाच आहे तर १०९० चौराह्याचं सांगायला हवं. पेट्रोल वाचवायचं म्हणून लेखक सिग्नलला इंजिन बंद करतो. हे तो मोठ्याने जाहीर करूनच करतो. त्या दिवशी सिग्नल हिरवा झाला आणि किल्ली फिरवल्यावर नुसतं टक-टक-टक झालं. लेखक उतरला, बॉनेट उघडलं, आणि एक मिनिटाच्या आत सभा भरली. कचरा आला असेल. प्लग गेले असतील. रेडिएटरचं झाकण काढा. (हे मात्र कुणी करू नये. झाकणाच्या दाबामुळे आतलं पाणी शंभरच्या बरंच वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की ते सगळं एकदम तोंडावर येतं.) लेखकानेही चेहरा गंभीर करून एअर फिल्टरवर दोनदा टिचकी मारली.

पत्नी पलीकडच्या बाजूला उभी होती. ती म्हणाली, “बॅटरीचं टर्मिनल बघ, पांढरं झालंय.” कुणी ऐकलं नाही. तिने हिंदीत सांगितलं. एका सद्गृहस्थाने अतिशय अदबीने तिला सांगितलं की भाभीजी, आप छाँव में बैठ जाइए. मग लेखकाने घसा साफ केला आणि तेच वाक्य स्वतःच्या आवाजात म्हटलं: “टर्मिनल पर देखना पड़ेगा, सल्फेट जमा है.” “वाह!” सभा म्हणाली. “पकड़ लिया भाईसाहब ने.” चहावाल्याकडून उकळतं पाणी आलं, कुणाच्या तरी डिकीतून दहाचा पाना निघाला. पाणी पडताच टर्मिनलवरचा पिठूळ निळसर-पांढरा थर फसफसत उतरला, आत शिशाचा करडा रंग दिसला. पाना फिरला, किल्ली फिरली, गाडी चालू. उन्हाने बॅटऱ्या लवकर मरतात आणि टर्मिनल लवकर खराब होतात, हे ज्ञान लेखकाने सभेला फुकट दिलं. तेही तिनेच आठवडाभर आधी सांगितलेलं होतं.

हा चौराहा ज्या १०९० मुळे ओळखला जातो ती महिलांसाठीची हेल्पलाइन, २०१२ साली लखनौतच सुरू झालेली. तिच्या इमारतीच्या नजरेच्या टप्प्यात हे घडलं. छेडछाडीची तक्रार करायला तिथे नंबर आहे. तुम्ही बरोबर सांगत असता आणि समोरचे सगळे तुमच्या नवऱ्याच्या तोंडाकडे पाहत असतात, याची तक्रार कुठल्याच नंबरवर घेत नाहीत. गॅरेजमध्ये तेच, इन्शुरन्सच्या माणसाशी तेच. तिने गाडीची सर्व्हिसिंगची वही वर्षानुवर्षं स्वतःच्या हाताने लिहिली आहे; मेकॅनिक ती तिच्या हातातून घेतो आणि वाचून लेखकाला सांगतो. लेखक मान डोलावतो. ही मान त्याच्या शरीरातला सर्वांत पुरोगामी अवयव समजली जाते, आणि ती नेमकी नको तिथे हलते.

सगळे चुकीचे सल्ले गमछ्याइतके निरुपद्रवी नसतात. लखनौ–आग्रा एक्सप्रेसवे ३०२ किलोमीटरचा आहे; नोव्हेंबर २०१६ मध्ये उद्घाटनाला त्याच्यावर हवाई दलाची लढाऊ विमानं उतरली होती. मुंबई–पुणे एक्सप्रेसवेच्या जोरावर लेखकाने इथे बराच भाव खायचा बेत केला होता, तो त्याच्या ९४.५ किलोमीटरमध्ये आटोपला. पण या रस्त्यावर निघताना हमखास सांगितलं जातं की उन्हाळा आहे, टायरमधली हवा पाच पॉइंट कमी ठेवा, गरम होऊन फुगते. हे उलटं आहे. हवा कमी असलेल्या टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेरीत दबते, वाकते, त्यातूनच तापते आणि शंभरच्या वेगाला फुटते. गरम झाल्यावर दाब वाढणार हे धरूनच कंपनीने आकडा ठरवलेला असतो. तो ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर चिकटवलेला असतो, आणि टायर थंड असताना तेवढीच हवा भरायची असते. आपल्याकडे ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर अपघातांनंतर झिजलेले टायर प्रवेशालाच तपासायला सुरुवात करावी लागली. नायट्रोजन भरून घेणाऱ्यांना लेखक एवढंच विचारतो की फुकटच्या हवेत तो अठ्ठ्याहत्तर टक्के आधीच असतो, मग पैसे कशाचे? यावर हवा भरणारा पोरगा म्हणाला, “बाक़ी बाईस के.”

लखनौतला मराठी माणूस भेटल्यावर पाच मिनिटांत भातखंड्यांचं नाव काढतो. त्यांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये इथे उभं राहिलेलं संगीत महाविद्यालय आज त्यांच्याच नावाने विद्यापीठ झालं आहे, तेव्हा तो हक्क आहेच. पण गेल्या गणपतीत आरतीनंतर सूर लागला तो इथेनॉलचा. वीस टक्के मिसळलेल्या पेट्रोलने मायलेज पडलं, म्हणून प्रत्येकजण पोटतिडकीने बोलत होता. नीती आयोगाच्या आराखड्यातच लिहिलं होतं की जुन्या धाटणीच्या चारचाकींचं मायलेज सहा-सात टक्के घटेल, नव्यांचं एक-दोन. कोल्हापूरकडचे एक काका सर्वांत जोरात होते. पुढे कुणी तरी विषय काढला की देशाचं ऊस संशोधनाचं केंद्र १९५२ पासून लखनौतच आहे, आणि हे इथेनॉल मुख्यतः उसाचं आणि धान्याचं. काकांचा घरचा सहा एकर ऊस कारखान्याला जातो. त्यांनी प्रसादाची वाटी खाली ठेवली आणि मायलेज हे शेवटी चालवणाऱ्याच्या पायावर असतं, असा नवा मुद्दा मांडला.

सभा संपून मंडळी पार्किंगमध्ये आली तर काकांचीच गाडी चालू होईना. बॉनेट उघडलं गेलं. लालबागेतून नवी बॅटरी आणावी, असं एकाने सुचवलं. लखनौलाही लालबाग आहे, तिथे राजा नाही, पण सीटकव्हरपासून हॉर्नपर्यंत सगळं मिळतं. दुसऱ्याने धक्का मारायला सुचवलं, गाडी ऑटोमॅटिक असताना. लेखक एआरएआयचा दाखला द्यायला पुढे सरसावला, तोवर पत्नीने पर्समधून दहाचा पाना काढून काकूंना विचारायला सुरुवातही केली होती, की डॅशबोर्डवरचं घड्याळ मधूनमधून बारावर जातं का. जातं म्हणे, महिनाभर. पण काकांना सांगून उपयोग नव्हता.

“अरे, तिथे नुसता उभा राहू नकोस,” ती वाकल्या वाकल्या म्हणाली. “टॉर्च धर.”

लेखकाने मोबाइलचा टॉर्च लावून धरला. उजेड चुकीच्या बाजूला पडतोय, असं तिचं म्हणणं आहे.