कार्बन गेलाय

ड्रिल मशीन बंद पडलं की कार्बनवाले अण्णा हजर. प्रत्येक सोसायटीत आणि प्रत्येक फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये एक असतातच, तेव्हा ओळख करून द्यायला नको. मशीन कानाशी हलवून, त्याचा वास घेऊन ते निकाल देतात, "कार्बन गेलाय." ठिणग्या उडतायत? कार्बन. अडखळतंय? कार्बन. प्लगच लावलेला नव्हता? "लावा, पण कार्बन बघून घ्या." लोक याला अडाणीपणा म्हणतात, पण तो अडाणीपणा नाही. वायरवर चालणाऱ्या ड्रिलच्या मोटरीत कार्बनचे दोन तुकडे स्प्रिंगच्या दाबाने फिरत्या कॉम्युटेटरवर घासत असतात. झिजणं हीच त्यांची नोकरी. ते आखूड झाले की दाब उणावतो आणि ठिणग्या वाढतात. काहींत तर पुरतं झिजण्याआधी संपर्क तोडायची सोय असते, म्हणजे मशीन चालता चालता एकाएकी ठप्प. जो भाग झिजण्यासाठीच बनवलाय, स्वस्त आहे आणि बऱ्याच मशीनमध्ये दोन टोपणं फिरवली की हाती येतो, त्याच्यावर पहिला संशय घेणं याला शहाणपण म्हणतात.

यावर आक्षेप असा, की ट्रिगरमधल्या इलेक्ट्रॉनिक्सचं काय? बरोबर आहे. वेग कमीजास्त करणारा ट्रायॅक ट्रिगरच्या इवल्याशा डबीत बसतो. तो शॉर्ट झाला तर बोट टेकताच मशीन पूर्ण वेगाने सुटतं आणि ओपन झाला तर हूं की चूं करत नाही. पूर्ण वेगाने फिरणाऱ्या मशीनचा कार्बन ठणठणीतच असणार, हे अण्णांना सांगून पाहा. "मग आता जाईल," म्हणतील. पण तोंडाने कार्बनचा जप चालू असताना हात वेगळंच काही करत असतात. प्लग काढलेला, मल्टिमीटर बीपवर, आणि अण्णा वायर मशीनच्या गळ्यापाशी सावकाश वाकवतायत. बीप तुटला की तांब्याची तार आतल्या आत तुटलेली सापडते. वायर धड निघाली तर मोटरीतलं स्थिर वेटोळं म्हणजे फील्ड, मग फिरतं आर्मेचर. सगळं धड निघालं तर उरतो ट्रिगर. ही पद्धत चोख आहे. घोषवाक्य तेवढं जुनं.

सर्व्हिस सेंटर कशाला आहेत, हा दुसरा आक्षेप. तिथे बहुधा बोर्ड दुरुस्त होत नाही, अख्खा बदलला जातो, आणि त्याची किंमत ऐकून गिऱ्हाईक नव्या मशीनची चौकशी करायला लागतं. ब्रशलेस, म्हणजे कार्बनच नसलेल्या, मशीनमध्ये मोटर चालवणारा बोर्ड बऱ्याचदा एपॉक्सीत गाडलेला असतो. धूळ आणि धक्के सोसण्यासाठी ते गरजेचं, हे खरं. पण त्याच थराखाली पाच-दहा रुपयांचा सुटा भागही कायमचा पुरला जातो. बॅटरीचंही तसंच. 18 व्होल्टच्या पॅकमध्ये साधारणपणे ओळीने जोडलेले पाच सेल असतात. एक ढासळला की चार्जर पाचही नाकारू शकतो. अण्णा अशा ब्रशलेस मशीनसमोरही म्हणतात, "कार्बन गेलाय," आणि इथे ते अक्षरशः खरं आहे, कारखान्यातूनच गेलाय. नखाने एपॉक्सी खरवडत ते बराच वेळ बसतात. आत काय बिघडलंय ते समजू शकणारा त्या गल्लीतला हा एकमेव माणूस, आणि नेमकं त्यालाच आत प्रवेश नाही. तोवर गिऱ्हाईकाने मोबाईलवर नवीन मशीन मागवलेलं असतं, आणि ते आल्यावर चक बसवून द्यायला अण्णांनाच हाक जाते.