आवाजवैद्य

टर्बो बसवलेल्या मोटारीचे इंजिन नुसते ऐकून दोष सांगणारा गृहस्थ म्हणजे आवाजवैद्य. तो मिस्त्री नसतो. बँक, विमा, पाटबंधारे खाते, कुठूनही निवृत्त झालेला किंवा होऊ घातलेला चालतो. हाताला ऑइल लागलेले नसावे, एवढीच अट. सोसायटीचे पार्किंग, मंगल कार्यालयाबाहेरची मोकळी जागा आणि घाट संपल्यावरची वडापावची गाडी ही त्याची आढळण्याची ठिकाणे. बॉनेटची कळ ओढल्याचा ‘खट्’ त्याला तिसऱ्या मजल्यावर, कुकरच्या शिट्टीतूनही ऐकू येतो. मालक बॉनेटला दांडी लावेपर्यंत तो खाली पोचलेला असतो.

ही जात जुनी आहे. फियाट-अँबॅसिडरच्या दिवसांत ‘कार्बोरेटरमध्ये कचरा आहे’ आणि ‘पॉइंट साफ करा’ या दोन वाक्यांवर तिचे भागत असे, आणि बऱ्याच वेळा ती खरीही ठरत. इंजिनाचा कारभार कॉम्प्युटरकडे गेल्यावर जात धोक्यात आली. टर्बोने तिला वाचवले. एकच १,२४८ सीसीचे डिझेल इंजिन स्विफ्टमध्येही बसले, इंडिका व्हिस्टातही आणि पुंटोतही. एका इंजिनाची दुखणी पाठ केली की निम्म्या पार्किंगचा दवाखाना चालू. २०२० मध्ये मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या तेव्हा वैद्यकी बसणार असे दिसत होते, पण तोवर तीन सिलिंडरांची छोटी टर्बो-पेट्रोल इंजिने आली. तीन सिलिंडरांचे इंजिन जात्याच थोडे थरथरते. आवाजवैद्य ही थरथर माउंटिंग गेल्याचे लक्षण मानतो आणि नव्याकोऱ्या गाडीच्या मालकाला, त्यानेच दिलेला पेढा तोंडात असताना, तसे सांगतो.

टर्बो म्हणजे एका दांड्यावरच्या दोन चक्र्या. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तापलेल्या धुराने एक फिरते. तिच्या जोरावर दुसरी बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो, आणि तेही ऑइलच्या पातळ थरावर तरंगत. आवाजवैद्याला हे सगळे ठाऊक असते. ‘लाखाच्या वर फेरे’ हे तो चौऱ्याऐंशी लक्ष योनींच्या सुरात सांगतो, म्हणजे ऐकणाऱ्याला आपोआप अपराधी वाटू लागते.

तपासणीचा क्रम ठरलेला आहे. आधी हात वर करून मंडळींना गप्प करायचे. मग मान तिरकी, डोळे मिटलेले. ‘रेस द्या जरा.’ मालक रेस देतो. ‘सोडा.’ मालक सोडतो. ‘आता हळूहळू. अहो, हळूहळू म्हटलं मी.’ यानंतर लांब स्क्रू-ड्रायव्हर मागवला जातो. त्याचे टोक इंजिनाच्या अंगाला आणि मूठ कानाजवळच्या हाडाला टेकवून खटखट नेमकी कुठून येते ते मुरलेले मिस्त्री खरोखरच ओळखतात. आवाजवैद्याची मूठ टेकलेली असते ती बहुधा मोबाइल धरायच्या कानाला, पण चेहऱ्यावरचे गांभीर्य तेच.

या शास्त्राला मराठीने फार मदत केली आहे. सकाळी गार इंजिनातून येणारी आणि गाडी तापल्यावर विरून जाणारी टिकटिक म्हणजे बहुधा एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून होणारी गळती. धातू तापून फुगला की फट मिटते. पावसाळ्यातली कुईं पट्ट्याची. खडखड पत्र्याच्या सैल झालेल्या आवरणाचीही असू शकते, पण तिची खरखर झाली आणि ती चालू करताक्षणी आली तर टायमिंग चेनकडे बघावे लागते. एका अक्षराच्या फरकात बिलाला एक शून्य वाढते. खुद्द टर्बोचे बेअरिंग जायला लागले की अॅम्ब्युलन्ससारखा चढत जाणारा ‘सूंऽऽ’ येतो. हे सगळे वेगवेगळे आवाज आवाजवैद्य मन लावून ऐकतो, त्यांची नक्कलही उत्तम करतो, आणि शेवटी म्हणतो, ‘टर्बो गेला.’

त्याची खरी परीक्षा होते ती ‘फुस्स’ या आवाजाशी. तक्रार अशी असते: खंबाटकीच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये गाडी उचलत नाही, मागून काळा धूर निघतो आणि बॉनेटखाली कोणी दात-ओठ आवळून सुस्कारा सोडतो आहे असे वाटते. पार्किंगमध्ये मात्र कितीही रेस दिली तरी इंजिन देवळातल्यासारखे शांत. आवाजवैद्य याचा अर्थ ‘माझ्यासमोर करणार नाही ती’ असा लावतो. कारण साधे आहे. उभ्या गाडीवर ओझे नसते, त्यामुळे टर्बो हवेचा फारसा दाब तयार करत नाही. घाटात तो तयार होतो आणि रबरी पाइपची भेग तेव्हाच उघडते. हवा बाहेर निसटते, डिझेल पुरते जळत नाही, म्हणून धूर काळा. ही भेग बहुतेक वेळा पाइपच्या खालच्या अंगाला, क्लिपला लागून असते. वरून काही दिसत नाही. हात खाली घालून बोटे फिरवली की एका जागी ओशट लागते. हवेबरोबर आलेले ऑइल तिथून झिरपून त्यावर धूळ बसलेली असते. दाबले की रबर ओठ उघडावे तसे उघडते. हे दुखणे पाइपचे. कधी नुसती क्लिप सैल झालेली असते, ती शे-दीडशे रुपयांत येते. टर्बोचा आकडा पाच अंकी आहे, आणि आवाजवैद्याने तो आधीच उच्चारलेला असतो.

धुराबाबत त्याचे ज्ञान बरे असते: निळा म्हणजे ऑइल जळते आहे, एवढे तो बरोबर सांगतो. दांडा हलवून बघण्याच्या बाबतीत मात्र त्याला आवरावे लागते. हवेचा पाइप काढून तो चक्रीला बोट लावतो आणि ‘हलतंय बघा’ असे जाहीर करतो. ऑइलच्या थरावर फिरणारा दांडा आडव्या दिशेने किंचित हलणारच. आत-बाहेर सरकला किंवा चक्रीची पाती बाजूला घासली तर काळजी. दिशा कोणती, हे त्या गर्दीत कोणी विचारत नाही.

स्कॅनर हा त्याचा वैरी. डॅशबोर्डखालच्या सॉकेटला ते यंत्र लावले की पी०२९९ असा काहीतरी कोड येतो आणि मेकॅनिकचा पोऱ्या तेवढ्यावर टर्बोची ऑर्डर द्यायला निघतो. इथे आवाजवैद्याचा तिरस्कार अगदीच अनाठायी नाही. हवेचा दाब हवा तेवढा मिळत नाही, इतकेच तो कोड सांगतो. ताप आहे हे थर्मामीटर सांगते, टायफॉइड की मलेरिया हे नाही. पाइप फाटला, अॅक्च्युएटर अडकला, काजळीने पाती चिकटली, काहीही असू शकते. फक्त आवाजवैद्य हे सगळे बोलून झाल्यावर टर्बोचीच ऑर्डर द्यायला सांगतो.

फी तो घेत नाही. चहा घेतो. दुरुस्ती झाल्यावर पाइपचे निघाले तर ‘टर्बोचाच पाइप ना?’ असे विचारतो.

त्याची स्वतःची गाडी टर्बोचीच असते. कोपऱ्यावरून कोथिंबीर आणली तरी बंद करण्याआधी ती दोन मिनिटे तशीच चालू ठेवली जाते, टर्बो थंड व्हावा म्हणून. घाटातून किंवा हायवेवरून आल्यावर ही सवय रास्त आहे; कोथिंबिरीनंतर तिचा लाभ फक्त तळमजल्यावरच्या खिडक्यांना होतो. त्याच दोन मिनिटांत त्याची पत्नी डावीकडून म्हणते, ‘अहो, कधीपासून काहीतरी खुळखुळतंय.’ तो म्हणतो, ‘ते कंपनीचंच आहे.’ ती सीटखाली हात घालते आणि गेल्या गणपतीतली झांज बाहेर काढते.