शेळीची उत्तम सोय झाली

महाराष्ट्राचा ग्रामीण भाग एप्रिल २०१८ मध्ये हागणदारीमुक्त झाला. साठ लाखांवर शौचालयं बांधून झाल्याचं खुद्द मुख्यमंत्र्यांनी सांगितलं, तेव्हा शंका घ्यायला जागा उरली नाही. त्यामुळे नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा किंवा पेठच्या डोंगरात पहाटे कुणी डबा घेऊन निघालेला दिसलाच, तर तो हवा खायला चालला आहे असं समजावं.

हिशेब २०१२ च्या पायाभूत सर्वेक्षणाचा होता. त्या यादीतल्या घरांना शौचालय मिळालं की गाव मुक्त. २०१२ नंतर ज्याचं लग्न झालं, ज्याने आईबापापासून चूल वेगळी मांडली, त्याला सरकारदरबारी पोटच नव्हतं. पुढे कुणाच्या तरी लक्षात आलं की लोक लग्नं करायचे थांबलेले नाहीत. मग वाढीव कुटुंबांच्या याद्या निघाल्या. २ ऑक्टोबर २०१९ ला साबरमतीहून अख्खा देशच मुक्त झाला. त्याच सुमारास राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे कार्यकर्ते घरोघर फिरत होते. त्यांना देशातल्या १९ टक्के घरांत शौचालयाचा वापरच आढळला नाही. चुकीच्या घरांत गेले असणार.

त्याआधीचं गुड मॉर्निंग पथक आठवतं का? पहाटे शिट्ट्या मारत ओढ्याकाठी जायचं, बसलेल्या माणसाला उठवायचं आणि गुलाबाचं फूल द्यायचं. ज्या ग्रामसेवकाला पाड्यावर नळ नेता आला नाही, त्याच्या हातात फूल दिलं की तो काय करणार? पथक फूल द्यायचं, पाणी द्यायचं नाही. गावाने स्वतः झाडू घ्यावा म्हणून २००० साली निघालेल्या गाडगेबाबांच्या नावाच्या अभियानात निदान बक्षीस होतं, अनुदान नव्हतं. म्हणून काही गावं खरंच स्वच्छ झाली, हे कबूल करायला हवं.

स्वच्छ भारतचं शौचालय बारा हजारांचं. चार फुटी खोली, पत्र्याचं दार, मागे दोन शोषखड्डे. एक भरला की त्याला विश्रांती द्यायची आणि दुसरा चालू करायचा. रचना उत्तम आहे, तिला नावं ठेवणाऱ्याने आधी ती समजून घ्यावी. फक्त तिला पाणी लागतं. पाच माणसांच्या घराला रोज दोन हंडे धरा. मे महिन्यात हे दोन हंडे विहिरीच्या तळाशी उतरून, डोक्यावर घेऊन, चढ चढून आणायचे आणि खड्ड्यात ओतायचे, हा हिशेब कोणत्याही शहाण्या बाईला पटत नाही. मग शौचालयात नागलीचं पोतं राहतं, गोवऱ्या राहतात, पावसाळ्यात शेळी राहते. शेळीची उत्तम सोय झाली, एवढं श्रेय योजनेला द्यावंच लागेल.

पाण्याचं म्हणाल तर त्र्यंबकेश्वर तालुक्यातलं शेंद्रीपाडा आठवा. बायका हंडे घेऊन तास नदीवरच्या लाकडी बल्लीवरून चालत असल्याचे फोटो छापून आले. जानेवारी २०२२ मध्ये लोखंडी पूल बसला, मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन झालं. जुलैच्या पुरात पूल वाहून गेला. त्याच डोंगरांतलं वैतरणेचं पाणी मात्र मुंबईपर्यंत न चुकता पोचतं. त्याला पूल लागत नाही.

आता घरकुल. पंतप्रधान आवास योजनेत एक लाख वीस हजार, डोंगरी भागात एक लाख तीस हजार. क्षेत्रफळ स्वयंपाकघरासह २६९ चौरस फूट. २०२५ मध्ये राज्याने पन्नास हजारांची भर जाहीर केली, त्यातही काही छतावरच्या सौर पॅनेलसाठी. पाच ब्रास वाळू फुकट. ती घाटावर असते आणि घर पाड्यावर, दोन्हींच्या मधला ट्रॅक्टर लाभार्थ्याने बघायचा. कातकरी असलात तर २०२३ पासून आदिम जमातींसाठीच्या पीएम-जनमनमध्ये दोन लाख. शेजारचा ठाकर तेवढाच ओला होत असला तरी त्याची यादी वेगळी.

पैसे हप्त्यांनी येतात. जोत्याचा फोटो ॲपवर चढला की पुढचा हप्ता, भिंतींचा चढला की त्यापुढचा. पण जोतं झालं की सिमेंटचे पैसे संपतात. मग गडी मजुरीला नाशिक गाठतो, अंबडला येतो. त्याच्या घराचं काम थांबतं, काम थांबलं म्हणून फोटो नाही, फोटो नाही म्हणून हप्ता नाही, हप्ता नाही म्हणून तो अंबडलाच राहतो. शिवाय योजनेत नव्वद दिवसांची रोजगार हमीची मजुरी असते. ती स्वतःच्या घरावर राबल्याबद्दल. म्हणजे त्याने एकाच दिवशी पाड्यावरच्या हजेरीपटावर असावं आणि अंबडच्या स्लॅबवरही.

इथे तो काय बांधतो? आमचे टू बीएचके. प्रत्येकात दोन संडास, गॅलरीत कमोडच्या रिकाम्या खोक्यांचा ढीग. संध्याकाळी तो कारखान्यांमागच्या पत्र्याच्या खोलीवर जातो आणि पहाटे नाल्याकडे. शहरी महाराष्ट्र तर २०१७ सालीच मुक्त जाहीर झाला होता. हा माणूस एका मुक्त क्षेत्रातून निघून दुसऱ्या मुक्त क्षेत्रात उघड्यावर बसतो, आणि दोन्हीकडच्या आकडेवारीला त्याचा काडीचा त्रास होत नाही.

आदिवासी विकास आयुक्तालय आपल्या नाशिकातच आहे, हे भाग्य. माझी एक नम्र सूचना आहे. वर्षातून एकदा, मे महिन्यातच, आढावा बैठक एखाद्या पाड्यावर घ्यावी. मुक्काम घरकुलात, शौचालय बारा हजारांचंच, आणि साहेबांपासून शिपायापर्यंत प्रत्येकाला एकेक हंडा पाणी, स्वतः आणलेलं. सूचना मान्य झालीच तर पुढचं मला आत्ताच दिसतंय. आदल्या दिवशी टँकर जाईल, जनरेटर जाईल, शेळीला तात्पुरतं दुसरीकडे बांधलं जाईल आणि एक फिरतं शौचालय भाड्याने मागवलं जाईल. दोन दिवसांचं त्याचं भाडं बारा हजारांच्या वर कसं गेलं, एवढा एकच आक्षेप लेखा शाखा काढेल. आणि तोही पुढच्या बैठकीत निकाली निघेल.