लंडनवाली नि नायडॉर्फवाला

अहो, या ना जरा कुंपणाजवळ. ऐकलंत का? कोपऱ्यावरच्या वहिनींचा चिरंजीव रविवारी कॉलनीच्या हॉलमध्ये बुद्धिबळात सपशेल हरला. आणि कुणाकडून, तर मागच्या गल्लीतल्या त्या चिमुरडीकडून! ती हो, दोन वेण्यांची, पुढचे दात पडलेली.

उन्हाळ्यापासून वहिनींनी काय चालवलं होतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. पोराला मोहरी कुठली कशी चालतात एवढंच जेमतेम येतंय, नि ह्यांनी थेट सिसिलियन नायडॉर्फ बचावाचा ऑनलाइन कोर्स घेऊन दिला. "फिशर नि कास्पारोव्ह हेच खेळायचे," असं मला मेथी निवडता निवडता ऐकवलं. खेळायचे की! पण ते फिशर नि कास्पारोव्ह होते ना, बाई. तो नायडॉर्फ मूळचा पोलंडचा, १९३९ ला ऑलिम्पियाडसाठी ब्यूनोस आयर्सला गेला, मागे युरोपात युद्ध पेटलं, नि तिकडचाच होऊन राहिला. त्याच्या नावाच्या ह्या बचावात काळ्याने पाचव्या खेळीला कडेचं प्यादं एकच घर पुढे सरकवायचं, ए सिक्स. दिसायला एवढीशी खेळी, पण ती का करायची हे उमगायला चांगल्या चांगल्यांना वर्षं लागतात. ह्या पोराकडून मात्र ती पाढ्यांसारखी घोकून घेतलेली.

तर काय सांगत होते... हां, रविवार! पांढरी त्या मुलीकडे. तिने केलं डी फोर. ई फोर नाही, डी फोर! सिसिलियन असतं ते ई फोरला उत्तर म्हणून. पण ह्याचा हात सवयीने गेला सी फाइव्हवर. तिने सरळ प्यादं मारलं. ह्याची पाठ केलेली पुढची खेळी कुठली? डी सिक्स. केली. तिने तेही मारलं! मग ह्याने उलट मारलं म्हणा, पण एक प्यादं गेलं ते गेलंच. वर सगळ्यांदेखत म्हणतो कसा, "आई, कोर्समध्ये हे नव्हतं." वहिनींचा चेहरा असा काही उतरला की... जाऊ दे, मी कशाला बोलू? मागून कुणीतरी खुदकन हसलं. मी नव्हे हां.

आता त्या चिमुरडीच्या आईचा तोरा! "आमची लंडन सिस्टिम खेळते," म्हणाली, जसं काही विमानाचं तिकीटच काढलंय. समोरचा काहीही करू दे, हिची मांडणी ठरलेली. डी फोर, उंट एफ फोरला, मग ई थ्री, सी थ्री, घोडे एफ थ्री नि डी टूला. पथ्य एकच, उंट आधी बाहेर काढायचा नि मग ई थ्री, नाहीतर तो आपल्याच प्याद्यांमागे कोंडतो. नाव पडलं १९२२ च्या लंडनच्या स्पर्धेवरून. आणि बरं का, नाक मुरडायचं काही कारण नाही. २०२३ मध्ये अस्तानाला जगज्जेतेपदाच्या लढतीत डिंग लिरेनने सहाव्या डावात नेपोम्नियाचीला ह्याच लंडनने हरवलं होतं. त्यामुळे तिची आई तोरा मिरवत होती ते अगदीच फुकटचं नव्हतं.

पण थांबा, खरी गंमत पुढेच! पुढच्या डावाला समोर बसले आपले शेवटच्या घरातले आजोबा. बुद्धिबळवेड्या भाऊसाहेब पडसलगीकरांच्या सांगलीत उभा जन्म गेलेला माणूस, त्यांना काय सांगायचं लंडनचं कौतुक! त्यांनी केलं सी फाइव्ह नि हळूच वजीर आणून ठेवला बी सिक्सवर. बी टूच्या प्याद्याची राखण करणारा उंट तर आधीच हिंडायला बाहेर पडलेला. पोरगी मात्र पटाकडे न बघता आपली ठरलेली मांडणी करतेय, घोडा डी टूला! आजोबांनी बी टू उचललं, प्यादं पटाबाहेर उभं केलं नि चष्मा पुसला. "बाळ, सी थ्री झालंय ना? मग वजीर बी थ्रीला आणायचा. आधी समोरच्याने काय केलं ते बघायचं." पोरगी मान डोलावून पुन्हा पटात. तिची आई मात्र, "पण व्हिडिओत तर..." एवढंच म्हणाली नि पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली. आणि कोपऱ्यावरच्या वहिनी? त्यांचा चेहरा लगेच फुलला, हो!

मग चहा होता. दोघी आया आजोबांना दोन्हीकडून चिकटल्या, शिकवायचं तरी काय म्हणून. ते म्हणाले, पांढरी असतील तर इटालियन. ई फोर, घोडा एफ थ्री, उंट सी फोर, नि राजा लवकर कॅसल करून टाकायचा. एफ सेव्हनच्या प्याद्याला सुरुवातीला राजाशिवाय वाली नसतो, उंटाचा डोळा तिथेच. चारशे वर्षांपूर्वी तो इटलीचा खेळाडू ग्रेको हेच वह्यांत लिहून ठेवत होता. काळी असतील तर ई फोरला ई फाइव्ह, डी फोरला डी फाइव्ह, नि घोडे-उंट बाहेर. संपलं. "आणि नायडॉर्फ?" वहिनींनी विचारलं. आजोबांनी बिस्किट चहात बुडवलं नि म्हणाले, "मिसरूड फुटल्यावर बघू."

मला विचाराल तर आजोबांचं पटतं. लंडन वाईट नाही हो, ज्याला ऑफिस सांभाळून संध्याकाळी चार डाव खेळायचेत त्याला झकास. पण लहान पोराने वर्षभर एकच मांडणी केली, तर मधली घरं मोकळी झाल्यावर काय धुमाळी होते ती त्याला बघायलाच मिळत नाही. इटालियनमध्ये पोरं हरतात, पण का हरलो ते त्यांना दिसतं.

आणि ताजी बातमी ऐकलीत का? वहिनी काल रात्री कोर्सचे पैसे परत मिळतात का ते विचारत फिरत होत्या... तर तुमच्या नातवाला रविवारी आणणार असाल तर ई फोर, ई फाइव्ह एवढंच शिकवून आणा. आणि वहिनींच्या कोर्सचं माझ्याकडून कळलं, असं मात्र कुठे बोलू नका हं.